जीडीए झालंय, १ तारखेला वॉर्डात पहिली ड्युटी. काय तयारी करू?

सटाण्याची_लेक

नमस्कार. मी मूळची सटाण्याजवळची, सध्या नाशिकला सिडकोत पवननगरला मामांकडे राहते. बारावीनंतर जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला, जीडीए म्हणतात तो. मुंबई नाक्याच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात निवड झालीय. पत्रावर पद 'पेशंट केअर टेक्निशियन' असं लिहिलंय. मेडिसिन वॉर्ड दिलाय आणि १ तारखेला हजर व्हायचंय. मेट्रन मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला जुन्या मावशींच्या हाताखाली राहा, नंतर आठ-दहा बेड तुलाच बघायचेत.

कोर्सला बेड मेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी सगळं झालं, पण बहुतेक डमीवर. डमी कण्हत नाही, हात झटकत नाही, वजनालाही काही नसते. हॉस्पिटलात ट्रेनिंगला नेलं तेव्हा मुली इतक्या की मागे टाचा उंचावून बघावं लागायचं.

तर मला खरंखुरं सांगा. लकवा झालेला जाडजूड माणूस कुशीवर कसा वळवायचा? पुरुष पेशंटला युरिनल द्यायचं, अंग पुसायचं म्हटलं की फार संकोच वाटतो, तो जातो का? सुई टोचली तर काय करायचं? आणि आजी सारखी म्हणते की एवढी शिकली-सवरली पोर, आता लोकांचं हागणं-मुतणं काढणार. मामा-मामी पाठीशी आहेत, पण आजीचं बोलणं जिवाला लागतं. हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. तेवढ्यात काय करून ठेवू?

पंचवटीची_मावशी

लेकी, अभिनंदन. मी या कामात आया म्हणून लागले. शिकवायला कुणी नव्हतं, करत करत शिकले. आता मेडिसिन आणि आयसीयू मिळून पंधराएक वर्षं झाली. सविस्तर लिहितेय, कारण नव्या पोरींना कुणी धड सांगत नाही आणि मग चांगल्या चांगल्या पोरी महिन्याभरात सोडून जातात.

वॉर्डात पेशंटच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ हात लागतो तो आपला. डॉक्टर राउंडला येऊन जातात. सिस्टरांच्या मागे इंजेक्शनं, औषधं, फाइली असतात. पण चादर बदलताना पाठ तुला दिसणार, पॉट उचलताना शौचाचा रंग तुला दिसणार, ताट परत नेताना किती घास गेले ते तुला कळणार. तू बघितलं नाहीस तर दुसरं कुणी बघेलच असं नाही. म्हणून माझ्या मते खरी तयारी करायची ती बघण्याची, आणि बघितलेलं वेळेत सिस्टरांच्या कानावर घालण्याची.

आता वळवायचं कसं ते. जड पेशंट एकटीने वळवायचाच नाही. वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, नाहीतर दुसऱ्या मावशींना हाक मार, पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांब. बेडची चाकं लॉक कर. बेड वरखाली होत असेल तर तुझ्या कमरेइतका वर घे, वाकून वाकून ओढलंस तर थोड्या वर्षांत कंबर कामातून जाते. मग पेशंटला सांग, "काका, तुम्हाला डाव्या कुशीवर घेतोय." शुद्ध नसली तरी सांगायचं. डाव्या कुशीवर घ्यायचं तर आधी ड्रॉ शीटने, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली घातलेल्या आडव्या चादरीने, दोघींनी मिळून उजव्या कडेला सरकवून घ्या, म्हणजे वळल्यावर बेडच्या मधोमध येतात. डावा हात अंगापासून लांब, उजवा छातीवर, उजवा गुडघा वाकवलेला. तू डावीकडे उभी राहा, एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागे, एक खुब्यामागे, आणि आपल्याकडे घे. दुसरी बाई मागून आधार देते. लकवा झालेला हात धरून कधीही ओढायचं नाही, त्या खांद्यात जोर नसतो, तो सांध्यातून सरकतो. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, आणि टाचा गादीला घासणार नाहीत असं बघ.

वळवलं की लगेच झाकून मोकळी होऊ नको. पाठ बघ. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं पडून परत रंग आला तर अजून निभावतं. दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समज आणि तिथल्या तिथे सिस्टरांना दाखव. सावळ्या, काळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून बघ. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, कडक लागते नाहीतर पिलपिलीत लागते. तिथे चोळायचं नाही. नातेवाईक तेलाची बाटली घेऊन येतात, त्यांना गोडीत समजाव. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चार्टवर वेळ लिहायची. हवेची गादी लावलीय, आता वळवायची गरज नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नको. गादी लावली तरी कूस बदलावीच लागते.

घरी मामींना पलंगावर झोपवून सराव कर. त्यांना अंग अगदी सैल सोडायला सांग. खाली जुनी चादर दुमडून घाल, तीच तुझी ड्रॉ शीट. मग तूही झोप आणि मामींना तुला वळवायला सांग. न विचारता अचानक कुणी वळवलं की पोटात कसा गोळा येतो ते तुला त्या वेळी कळेल.

संकोचाचं विचारलंस. तुझ्यापेक्षा जास्त संकोच त्या पेशंटला असतो, हे लक्षात आलं की तुझा अर्धा उतरतो. पडदा ओढून घे. एका वेळी एकच भाग उघडा, बाकी चादरीखाली. आधी डोळे, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे, दोन डोळ्यांना कपड्याचे वेगळे कोपरे. मग तोंड, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि पाणी बदलून शेवटी खालचा भाग. बायकांचं पुसायचं ते पुढून मागे, उलटं केलं तर लघवीच्या जागी जंतू जातात. पेशंटचे हात चालत असतील तर खालचा भाग पुसायला कपडा त्यांच्याच हातात दे, तोंड फिरवून उभी राहा, पण पडद्याबाहेर जाऊ नको, तोल गेला तर धरायला कुणी हवं. पुरुषांसाठी बहुतेक वॉर्डात मामा असतात, त्यांना बोलव. त्यात कमीपणा नाही.

कळवणकडच्या एक आजी आमच्याकडे होत्या. पाण्याचा ग्लास नेहमी भरलेलाच. आम्ही म्हणायचो, आजी पाणी प्या, त्या मान हलवायच्या. लघवी कमी, तीही गडद पिवळी. शेवटी त्यांच्याच बोलीतल्या एका बाईंनी अहिराणीतून विचारलं तेव्हा कळलं, सारखं पॉट मागायची लाज वाटते म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. तेव्हापासून पॉट हवं का असं मी विचारतच नाही. दर दोन-तीन तासांनी पडदा ओढते आणि म्हणते, आजी, आता वेळ झाली. तू सटाण्याची, तुला अहिराणी येत असणार. बागलाण, कळवण, मालेगावकडचे पेशंट नाशकात भरपूर असतात. त्यांच्याशी तीच बोल, शहरातल्या वॉर्डात आपली बोली ऐकली की माणसं मोकळी होतात.

भरवताना फार जपायचं. आधी फाइलवर एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही, असं आहे का ते सिस्टरांना विचार. एनबीएम असेल तर घोटभर चहाही नाही, नातेवाईक कितीही म्हणोत. डोक्याकडची बाजू उंच करून, जमलं तर पूर्ण बसवून भरव. लकवा असेल तर चांगल्या बाजूच्या गालात छोटा घास. गिळल्याशिवाय दुसरा नाही. ठसका लागला, आवाज घोगरा झाला, तर थांब आणि सिस्टरांना सांग. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आणि आजीचं. बाळा, नुसती घाण काढायचं काम असतं तर कोर्स कशाला लागला असता? आमच्या वॉर्डात एका मावशींनी पॉटमधली काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची शौच बघितली, न फेकता तशीच झाकून ठेवली आणि सिस्टरांना बोलावलं. पोटात रक्तस्राव होत होता, डॉक्टरांनी लगेच धावपळ केली. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते ठरवणं डॉक्टरांचं, आपण दाखवायचं. हे आजीला सांगून बघ. आणि सटाण्याला जाशील तेव्हा तिला एकदा कोमट पाण्याने नीट स्पंजिंग करून दे, टाचा बघ, नखं काप. तू काय शिकलीस ते तिला हाताने कळू दे.

ब्रदर_नाशिकरोड

मावशींनी सगळं मनापासून लिहिलंय. मी स्टाफ नर्स आहे, आमच्या बाजूने थोडी भर घालतो, ताई.

सुईचं आधी. जीडीएला सुई टोचते ती बहुतेक वेळा चादरीत किंवा कचऱ्यात राहिलेली. म्हणून मळकी चादर कधी झटकू नको, कवेत घेऊ नको, आधी बघ आणि मग आतल्या बाजूला गुंडाळ. कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नको. पडलेली सुई दिसली तर बोटाने उचलू नको, टोपणही लावू नको, सिस्टरला बोलव. तरीही टोचलीच तर जागा दाबून रक्त काढत बसू नको. साबण-पाण्याने धू, लगेच इन्चार्जला सांग, कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीसाठीची औषधं, पीईपी म्हणतात, जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांच्या आत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. एकदा सुरू केली की २८ दिवस घ्यायची. ओरडा बसेल म्हणून लपवणारे मी बघितलेत. कृपा करून लपवू नको.

हिपॅटायटीस बीची लस आत्ताच सुरू कर. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात. बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलच देतं, तेव्हा रुजू होण्याआधी फोन करून विचार.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनी ठरलेत, ते झोपेतही आठवले पाहिजेत. रक्ताचा कापूस, पट्ट्या पिवळ्यात. सलाईनचे सेट, युरोबॅग (लघवीची पिशवी), कॅथेटर, ग्लोव्ह्ज, सुईविना सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्यूल निळ्यात. खरकटं आणि कागद यांत अजिबात टाकायचे नाहीत.

हात. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँड रबने २० ते ३०. हात दिसायला मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबणच. एका पेशंटचे ग्लोव्ह्ज घालून दुसऱ्याकडे जायचं नाही आणि ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात धुवायचे. टीबीचा पेशंट असेल तर एन ९५ मास्क मागून घे, साधा निळा चालत नाही.

मोजमापात सगळ्यात जास्त गोंधळ श्वासांचा असतो. मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेव आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. चार्टवर डोळे मिटून सगळ्यांचे १८ लिहिण्याची सवय लागू देऊ नको. पेशंट बिघडायला लागला की श्वास बऱ्याचदा बीपीच्या आधी वाढतो, म्हणून हा आकडा खरा लागतो. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बघताना नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेली बोटं असतील तर बोट बदलून बघ. डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताला बीपीचा कफ बांधायचा नाही.

युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. एक्स-रेला नेताना ट्रॉलीवर पेशंटच्या पोटावर बॅग ठेवून ढकलत नेतात, त्यातून लघवी उलटी आत जाते. पोटावर कधीच ठेवू नको. रिकामी करताना मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत वाच आणि आकडा लगेच लिही, नंतर आठवत नाही.

सांगताना असं सांग: "सिस्टर, ६ नंबर, सकाळी ८ ला बॅग रिकामी केली, आता ११ वाजले, ४० एमएलच आहे." पेशंट, वेळ, काय दिसलं. असं सांगणाऱ्या मुलीचं ऐकून मी हातातलं काम टाकून उठतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सलाईन बदलणं, थेंब कमी-जास्त करणं, इंजेक्शन, औषध देणं हे तुझं काम नाही. गर्दीच्या ड्युटीत आमच्यातलाच कुणी म्हणेल, जरा ती बाटली बदल गं. शांतपणे म्हण, "सिस्टर, मी बाटली आणून देते, जोडायची तुम्ही." कोणी रागावलं तर रागावू दे.

आडगाव_नाका

मी हॉस्पिटलात नाही, पण बायको याच कामात आहे म्हणून लिहितो. ताई, पत्र हॉस्पिटलचं आहे की एजन्सीचं ते बघा. एजन्सीचं असेल तर पगार कोण देणार, कधी देणार, पीएफ आणि ईएसआयसी कापणार का, हे रुजू व्हायच्या आधी लिहून घ्या. ईएसआयसी महिना २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू होते, आणि आजारपणात ती फार कामाला येते. मूळ सर्टिफिकेट कुणालाही ठेवायला देऊ नका. बायकोच्या मैत्रिणीची कागदपत्रं एका एजन्सीने अडकवून ठेवली होती, दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तरी तिला जाता येईना. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

आणखी एक. १० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, २०१३ चा कायदा आहे. समितीत कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. पेशंट, नातेवाईक, स्टाफ, कुणीही असो. रात्रीच्या ड्युटीला जाण्या-येण्याचंही आधीच ठरवून ठेवा, मुंबई नाका ते सिडको लांब नाही, पण रात्री सिटीलिंक बसच्या भरवशावर राहू नका.

सटाण्याची_लेक

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. पत्र हॉस्पिटलचंच आहे, पण पीएफचं लिहिलेलं नाही, उद्या फोन करून विचारते. लसीचंही विचारते. मामी म्हणाल्या, झोपते मी, तू वळव.

मावशी, एक विचारायचं राहिलं. ड्युटीवर पेशंट गेला तर? मी अजून कुणाला समोर जाताना पाहिलेलं नाही.

पंचवटीची_मावशी

मेडिसिन वॉर्डात ती वेळ येणार, लेकी. पहिल्या वेळी एकटी नसशील, सिस्टर जे सांगतील ते कर. डॉक्टरांनी जाहीर केल्याशिवाय तोंडातून काही काढू नको, नातेवाईकांनी विचारलं तरी "डॉक्टर येताहेत, तेच सांगतील" एवढंच.

नंतरचं काम हळू हाताने पण वेळेत करायचं, कारण दोन-चार तासांत अंग ताठरायला लागतं. डोळे मिटव, डोकं उशीवर थोडं उंच ठेव, हात-पाय सरळ कर, तोंड पूस, कपडे नीट कर. नळ्या सिस्टरांनी सांगितल्याशिवाय काढायच्या नाहीत. पोलिस केस असेल तर काहीच काढायचं नसतं. अंग पुसताना जिवंत माणसासारखंच झाकून पूस. घरच्यांना तुळशीचं पान, गंगेचं पाणी ठेवायचं असतं, कुणी रामकुंडावरून पाणी घेऊन येतं. सिस्टरांना विचारून त्यांना तेवढा वेळ दे, घाईने ट्रॉली आणू नको. दुसऱ्या धर्माचे असतील तर अंगाला हात लावण्याआधी घरच्यांना विचार, काही ठिकाणी त्यांच्याच माणसांनी सगळं करायचं असतं.

दागिने मात्र कधी एकटीने काढायचे नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, अंगठी, कानातलं, सिस्टर आणि घरचं एक माणूस समोर असतानाच काढायचं, वहीत एकेक वस्तू लिहायची. 'सोन्याची' असं लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूची' लिहायचं, कारण सोनं की बेन्टेक्स ते आपल्याला ठरवता येत नाही. ताब्यात घेणाऱ्याची सही आणि नातं लिहून घ्यायचं. निघत नसेल तर ओढू नको, तसंच राहू दे आणि वहीत तसं लिही.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर मामींशी बोल, पेशंटचं नाव-गाव न सांगता बोल, पण बोल. आणि बूट पुढून बंद, न घसरणाऱ्या तळव्याचे घे. आठवडाभर आधीच घरात घालून फिर, पहिल्या दिवशी नवे बूट चावले तर पेशंटकडे लक्ष लागत नाही.